दाजी, ती निळी गाडी

दाजी, परवा तुमचा तेरावा झाला. मांडव उतरला, भाड्याची पातेली परत गेली, पोरं आपापल्या नोकरीच्या गावी निघाली. सोनईच्या तुमच्या घरात आता ताई, मी आणि दारातली तुमची पांढरी सेडान एवढेच उरलोय. तेरा दिवस येईल त्याला तेच सांगून माझी जीभ थकलीय. कसं झालं, त्रास झाला का, शेवटी काही बोलले का. आता मी नुसती मान हलवतो आणि चहा पुढे सरकवतो. ताईचा धाकटा भाऊ म्हणून मांडववाला, भटजी, जेवणावळ ही सगळी कामं माझ्याकडे आली, त्यामुळे रडायलासुद्धा बसता आलं नाही. आता सवड आहे तर रडू येत नाही, नुसती अंगात कणकण आहे.

दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरकेपर्यंत येऊन बसलासुद्धा. लोक म्हणाले, "मास्तरांची कायबी इच्छा राहिली न्हाई. सुटले." मी त्यांच्यातच उभा होतो, डोक्यावर टॉवेल घेऊन. तुमची एक इच्छा राहिली होती आणि ती माझ्यामुळे राहिली होती. तुमच्याशी मी खोटं बोललो होतो दाजी, तेही गाडीच्या बाबतीत. ते कबूल करायचं दोन वर्षं आज-उद्या करत पुढे ढकललं आणि तुम्ही थांबला नाहीत. म्हणून आज लिहायला बसलोय. सुरुवातीपासून आल्याशिवाय मला त्या जागेपर्यंत पोचता येणार नाही, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलंही ऐकून घ्या.

तुमच्या घरासमोरचा स्पीडब्रेकर तुम्हीच बसवून घेतलेला. हायस्कूलची पोरं रस्ता ओलांडतात, गाड्या अंगावर येतात, म्हणून तुम्ही चार वर्षं अर्ज केले. शेवटी मंजूर झाला आणि ठेकेदाराने असा उंच घातला की बैलगाडीनेही विचार करावा. त्यात सोनईवरून शनिवारी शिंगणापूरला जाणाऱ्यांची रीघ. पुण्या-मुंबईचे लोक नवी गाडी घेतली की आधी शनीच्या पायावर घालायला आणतात, आणि त्यांत अधूनमधून ती जमिनीला पोट टेकलेली, दोन दारांची धुडं. तुमच्या दारात आली की त्यांचं पोट घासायचं, मालक खाली उतरून डोक्याला हात लावायचा. तुम्हाला वाईट वाटायचं. अर्ज आपला, ब्रेकर आपला, आणि घासतंय दुसऱ्याचं. म्हणून तुम्ही चिंचेच्या दोन लांब फळ्या करून आणल्या. शनिवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तुम्ही पायरीवर बसायचे. स्पोर्ट्स गाडी आली की फळ्या चाकांपुढे टाकायच्या आणि ती अलगद पलीकडे उतरवून द्यायची.

मालक पाकिटात हात घालायचा. तेव्हा तुमचं ते वाक्य यायचं. "पैसे नकोत साहेब. गावाबाहेर सरळ रस्ता हाय, सकाळचा मोकळा असतो. तिथं एकदा शून्य ते शंभर करून दाखवा, मला शेजारी बसू द्या." बरेचसे हसून निघून जायचे, काही चिडायचे, पण दहातले तीन-चार तुम्हाला नेत. साठी उलटलेला विज्ञानाचा मास्तर पट्टा आवळून बसायचा, हातात शाळेच्या खेळांच्या वेळचं स्टॉपवॉच. शंभर झाले की लगेच ब्रेक, पुढे एक आकडा नाही, ही अट तुमचीच. परत आलात की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या शनिवारच्या चौकटीत पेन्सिलीने सेकंद लिहायचे आणि शेजारी एखादा शेरा. दूधवाल्याचे खाडे आणि गॅसची तारीख यांच्यामध्ये तुमचे सेकंद. "आवाज फार." "मालक घाबरट." "मान दुखली, समाधान."

पहिल्या गाडीचं तर मी अजून विसरलो नाही. लाल, इटालियन, किंमत ऐकून मला ठसका लागलेला. तुम्ही परत आलात ते तोंड उघडं ठेवून. मी विचारलं, किती? तुम्ही घड्याळ बघितलं आणि म्हणालात, "एकोणीस." मालकाचा चेहरा पडला. माझ्या कोल्हारच्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावरची डिझेलची म्हातारी गाडीसुद्धा त्याच्या आत शंभर गाठते. मग कळलं की सीटने पाठीला रेटा दिला तेव्हा बटण दाबलंत खरं, पण शंभर झाल्यावर परत दाबायचं विसरून गेलात. तुम्ही त्या माणसाला हात जोडून म्हणालात, "चूक माझी, पुन्हा करा." आणि त्याने केलं. साडेतीन आले. तुम्ही मुद्दाम विसरला होता असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं, आणि तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी गाड्या घेणारा-विकणारा माणूस. मनमाड रस्त्याला दुकान, बारा-पंधरा जुन्या गाड्या उभ्या, त्यांत निम्म्या सेडान. माझं म्हणणं साधं. अकरा सेकंदांवरून सातवर यायला दहा-बारा लाख जास्त पडतात, तेही जुन्यात घेतली तर निम्मेच. सातवरून चारवर यायला कोटीच्या पुढे. आणि चारवरून तीनवर यायचं तर किंमत विचारूच नये. एका सेकंदासाठी माणूस बंगला घालवतो, आणि त्यातून मिळतं काय? पुढे उसाची ट्रॉली असली की तीन सेकंदवाली आणि तेरा सेकंदवाली, दोघीही तिच्या मागे त्याच चालीने. वर काही बिघडलं तर गाडी ट्रकवर चढवून पुण्याला न्या.

तुम्ही शांतपणे ऐकायचे, जणू मी तुमचा नववीतला ढ विद्यार्थी. मग म्हणायचे, "दत्ता, पस्तीसवरून साठ मार्कावर पोरगं सहा महिन्यांत येतं. सत्त्याण्णववरून अठ्ठ्याण्णववर यायला जन्म जातो. म्हणून का तो एक मार्क महाग झाला? तो तेवढ्याचाच असतो." मी म्हणायचो, मार्क विकत घेता येत नाही. तुम्ही म्हणायचे, "आणि वेग अंगाला कळत न्हाई, वेग बदलला की कळतो. एकशेवीसनं चाललेल्या गाडीत माणूस झोपतो. पण उभ्याचा शंभर होताना कुणी झोपलेलं मी अजून बघितलं न्हाई." मी मग मायलेज काढायचो. ताई आतून ओरडायची, "दोघांनी मिळून एक सायकल घ्या नि गप बसा."

गेल्या वर्षी ती बॅटरीवरची सेडान आली. चार दारं, घरगुती दिसणारी, डिकीत नैवेद्याची पिशवी. तुम्ही दया केल्यासारखे बसलात आणि परत आलात ते पांढरे पडून. तीन पूर्णांक नऊ. किंमत त्या लाल गाडीच्या पावपटही नाही. आपण दोघं पायरीवर बसलो. माझ्या हिशेबाने तुमच्या स्पोर्ट्स गाड्या गेल्या, आणि तुमच्या हिशेबाने माझी सेडान जिंकली, तरी आनंद कुणालाच नव्हता. शेवटी तुम्ही म्हणालात, "जोर हाय, पण आवाज न्हाई. मीठ न घातलेला रस्सा." मी म्हणालो, "आणि पाच वर्षांनी त्या बॅटरीला कोण विचारणार?" तेवढ्यावर आपलं दोघांचंही भागलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. टाळून टाळून इथपर्यंत आलोय.

तुम्हाला स्वतःला स्पोर्ट्स गाडी नकोच होती. ती बघायला आणि बसायला. घरात हवी होती ती सेडान, पण पळणारी. चार दारं, ताईला पाय लांब करून बसता येईल अशी मागची सीट, आणि सात सेकंदांच्या आत शंभर. "तुझं म्हणणं नि माझं म्हणणं एकाच गाडीत मिळालं तर घेईन, न्हाईतर आहे ती स्कूटर बरी," असं तुम्ही तीन वर्षं म्हणत होता. निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवले होते. मी हो हो म्हणायचो. अशी गाडी आपल्याकडे येईल असं मला वाटत नव्हतं.

आणि ती आली. निळी, जर्मन बनावटीची, पुण्याच्या एका बाईंची, त्यांनी एकट्यांनीच वापरलेली. मी तीस वर्षं गाड्या बघतोय, दाजी. इतकी स्वच्छ जुनी गाडी माझ्या दारात दोन-तीनदाच आली असेल. नवीच्या तिसऱ्या हिश्शाची किंमत, आणि पळायला तुम्हाला हवी तशी. माझ्या सगळ्या हिशेबांत बसणारी आणि तुमच्याही. मी हुरळून तिचा फोटो तुम्हाला पाठवला, नंबरप्लेटसकट. तुमचा लगेच फोन. "दत्ता, उद्या येऊ का?" आवाज असा की दहावीचा निकाल लागलाय.

त्याच दिवशी दुपारी ताईचा फोन आला. "दत्ता, त्यांना बीपीची गोळी वाढवलीय. ती गाडी दारात आणू नको. ते फळीवाल्यांच्या गाडीत बसतात तेच मला बघवत न्हाई. माझ्यासाठी एवढं कर." ताईला मी कधी नाही म्हटलेलं नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलंय.

आता खरं ऐका. मी तुम्हाला सरळ सांगू शकलो असतो की ताईला भीती वाटते, नका घेऊ. पण मग तुम्ही ताईला समजावलं असतं, मला समजावलं असतं, गोळीचा आणि सेकंदांचा काय संबंध ते फळ्यावर लिहिल्यासारखं मांडलं असतं, आणि जिंकला असतात. तुमच्याशी मी एकही वाद कधी जिंकलो नाही. त्या गाडीविरुद्ध तर माझ्याकडे मुद्दाच नव्हता. म्हणून मी फोन करून म्हणालो, "दाजी, गाडी पुढून ठोकलेली निघाली. चासी वाकडी हाय, खालचा सांगाडाच गेलाय. हात लावू नका."

तुम्ही म्हणालात, "तू सांगतोस म्हणजे झालं. जाऊ दे मग."

एक प्रश्नही विचारला नाहीत. उगाच ढगाकडे बोट दाखवून इंद्रधनुष्य कसं होतं ते तासभर सांगणारा माणूस, त्याने कुठून वाकलीय एवढंही विचारलं नाही. चार दिवसांनी ती गाडी मी नगरच्या एका डॉक्टरला दिली. महिन्याभराने तुम्हाला ही पांढरी शोधून दिली. अकरा सेकंद, मायलेज चांगलं, ताई खूश. तुम्ही तिच्यावर कधी नाराजी दाखवली नाहीत. उलट मिरजगावच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "गाडी घ्यायची तर आमच्या दत्ताकडून. पारख लई." मी पुढच्या पंगतीत वाढायला म्हणून उठून गेलो.

आणि मग तो पावसाळ्यानंतरचा एक शनिवार. स्पोर्ट्स गाडी एकही आली नव्हती. तुम्ही म्हणालात, "दत्ता, ठोकलेली गाडी ओळखायची कशी, मला शिकव की." मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी शिकवणार आणि तुम्ही शिकणार. तुमच्याच पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून मी तासभर सांगितलं. बिजागरीच्या बोल्टावरचा रंग उडालेला असला तर पाना लागलाय. सगळ्या काचांवर छापलेलं बनावटीचं साल एकच हवं. दारांच्या फटी बोटाने मोजायच्या. खाली वाकून चासीच्या टोकाला हात फिरवायचा, ठोकून सरळ केलेला पत्रा हाताला कळतो. तुम्ही गुडघे दुखत असताना खाली वाकलात, हात फिरवलात, धूळ झटकलीत. मग म्हणालात, "म्हणजे तुला बघितल्याबरोबर कळतं, कुठली ठोकलीय नि कुठली न्हाई." मी म्हणालो, "व्हय, धंदाच हाय की." तुम्ही चहा सांगायला आत गेलात. मला वाटलं, कौतुक केलंत.

काल दुपारी ताईने गाडीची कागदपत्रं शोधायला सांगितली. माळ्यावर जुनी कॅलेंडरं गुंडाळून ठेवलेली सापडली. ताई त्यांची पानं डब्याखाली घालते, म्हणून काही महिने गायब. मी एकेक उलगडत बसलो. तुमचे सेकंद, तुमचे शेरे. हसायला येत होतं, बऱ्याच दिवसांनी. आणि दोन वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरात, लग्नाच्याही आधीच्या आणि त्या बॉनेटच्या शनिवारच्याही आधीच्या एका चौकटीत, पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "निळी. ६.७. चासी सरळ." खाली नंबर. पूर्ण नंबर, मी पाठवलेल्या फोटोतला.

मी ते पान हातात धरून माळ्याच्या शिडीवरच बसलो. डॉक्टर शनीला आले असणार. तुम्ही नंबर ओळखला असणार. चहाला बोलावलं असणार, खाली वाकून बघितलं असणार, मग शेजारी बसून घड्याळ दाबलं असणार. आणि त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर पायरीवर बसून उसाच्या ट्रॉलीचा तोच वाद घालत राहिलात. लग्नात खांद्यावर हात ठेवलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझ्याकडून बोल्ट आणि काचा शिकलात तेव्हा तर नक्कीच माहीत होतं. तुम्ही मला कबुलीसाठी दार उघडून उभे होता आणि मी धंद्याची फुशारकी मारत बाहेरच थांबलो.

मला तुमचा राग आला दाजी. खरं सांगतो, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी जोरात वाटलं आणि ते दुःख नव्हतं, राग होता. चारचौघांत कान पिळला असतात तर चाललं असतं. आल्या-आल्या फळी डोक्यात घातली असतीत तरी चाललं असतं. एवढं सांभाळून घ्यायला मी काय परका होतो? आणि मग लगेच लाज वाटली, की मेलेल्या माणसाकडून माफी मागवायला निघालोय.

ताई ओट्यावर गहू निवडत होती. मी पान तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा वर केला, बघितलं, आणि तिला काही नवल वाटलं नाही.

"त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला," ती म्हणाली. "डागतर गेले नि हे आत आले. म्हणाले, तुझ्या भावानं ठोकलेली म्हणून सांगितलेली गाडी आत्ता बघून आलो. मी मग सांगितलं सगळं. म्हणलं, मीच अडवलं त्याला, त्याची चूक न्हाई."

"मग? रागावले?"

"माझ्यावर न्हाई. म्हणाले, तुझं बरोबर हाय, तू बायको हायस, तुला भ्या वाटणारच. पण तो गाड्यांचा माणूस हाय. त्यानं मला न्हाई म्हणायचं हुतं. चांगल्या गाडीला नावं कशाला ठेवली?"

ती गव्हातले खडे बाजूला काढत राहिली.

"मी म्हणलं, मग विचारा की त्याला. येतोय की शनिवारी. तर म्हणाले, नको. विचारलं तर तो परत खोटं बोलंल. नि एकदा तसं झालं की मग शनिवारचा यायचा न्हाई. ते मला परवडायचं न्हाई, म्हणाले."

ताई गहू घेऊन आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो, आणि तेव्हा रडू आलं. रस्त्याने गाड्या जात होत्या, ब्रेकरवर एकेक हळू होत होती.

दाजी, तुमचे सगळे आकडे मी तपासून घ्यायचो, पण माझ्याबद्दल ताईला जे सांगितलंत त्यात तपासायला काही नाही, ते बरोबरच होतं. ती गाडी चांगली होती आणि मला ते माहीत होतं. आणि तुम्ही विचारलं असतंत तर मी तुमच्या तोंडावर पुन्हा खोटं बोललो असतो, दोन-तीन शनिवार काहीतरी कामं काढली असती, आणि मग यायचा थांबलो असतो.